घोड्यावरून एल्कच्या शिकारीला जायचंय. घोडे किती लागतील, तयारी काय करावी?

डेन्व्हरला राहता, कोलोरॅडोतलं ऑक्टोबरचं रायफलचं परमिट मिळालंय, दोघे आहात आणि घोडे भाड्याने घेणार, असं लिहिलंय तुम्ही. मग घोडे माणसं मोजून ठरवू नका, मांसावरून ठरवा. एल्क सांबराच्या कुळातला, पण पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात. हाडं काढली तरी 80 ते 100 किलो मांस भरतं, शिंगं वेगळी. ओझ्याचा घोडा डोंगरात 65-70 किलोच नीट नेतो, कारण स्वार तोल सावरतो, ओझं नुसतं लोंबतं. म्हणजे बसायला दोन आणि प्रत्येक एल्कमागे आणखी दोन. कमी घोडे घेतलेत तर फेऱ्या वाढतील.

दोन्ही बाजूंचं ओझं काट्यावर तोला, अंदाजाने नको. किलोभराचा फरकही दिवसभरात खोगीर एका अंगाला ओढतो, आणि घोड्याची पाठ लागली की तो घोडा बाद. खोगीर सरकू नये म्हणून उतारासाठी दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा), चढासाठी छातीपट्टा, दोन्ही हवेत. घोडे एकामागे एक बांधताना मध्ये बारीक दोरीचा फास ठेवा. एक घसरला तर तो तुटतो, बाकीचे खेचले जात नाहीत.

भाड्याने देणाऱ्याला आधी एवढं विचारा, या घोड्यांनी एल्क वाहिलाय का? रक्ताच्या वासाने आणि पाठीवरच्या शिंगांनी नवखा घोडा हमखास उधळतो. शिंगांची टोकं त्याच्या अंगापासून दूर राहतील अशीच बांधा.

रात्री घोडा थेट झाडाला बांधू नका, मुळं उकरतो. दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून घोड्याच्या डोक्याच्या वर दावण ताणा. राष्ट्रीय वनात तणमुक्त म्हणून प्रमाणित केलेलंच गवत चालतं, ते आधी मिळवून ठेवा.

बंदुकीचं चेंबर रिकामं ठेवा. घोड्यावरून उतरलात की आधी ती खोगिराच्या म्यानातून काढा, नाहीतर उधळलेल्या घोड्याबरोबर तीही जाईल. जाड तळाचे शिकारी बूट अरुंद रिकिबीत अडकतात, तेव्हा रुंद रिकिबी मागा. अंगावर 500 चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी ही कायद्याचीच अट आहे. तपकिरी घोड्यालाही केशरी फडकं बांधा, लांबून तो एल्कच वाटतो.

एल्क पडल्यावर घाई मांस थंड करण्याची. कातडं लगेच उतरवा, मागच्या मांड्या हाडापर्यंत चिरा. तिथलीच ऊब मांस नासवते. मग सुती पिशव्यांत घालून सावलीत टांगा. नर-मादी ओळखण्याचा पुरावा मांसाला जोडलेला राहू द्या, तपासणीत तो बघतात.