‘ऊर्जा-दारिद्र्य’ म्हणावे की ‘इंधनटंचाई’?

नाशिकच्या एका वाचकाने विचारले आहे की, घरगुती वीज व इंधन यांच्या अभावाविषयीच्या अहवालाचे भाषांतर करताना ‘ऊर्जा-दारिद्र्य’ हा जडबंबाळ शब्द टाळून ‘इंधनटंचाई’ म्हटले तर चालेल का. माझ्या मते चालणार नाही.

टंचाई गावावर येते आणि ओसरते. सिन्नर-येवल्याच्या पाणीटंचाईबद्दल आपण तसेच बोलतो. दारिद्र्य घराचे असते. वितरकाकडे गॅसच्या टाक्या मुबलक असूनही रिकामी टाकी बदलून आणण्याची ज्या घराची ऐपत नाही, तिथे टंचाई कसली? शिवाय पैशाखेरीज अन्य गोष्टींची वानवाही मराठीत दारिद्र्यच ठरते. ‘वैचारिक दारिद्र्य’ आपण सर्रास म्हणतो.

मोजमापाकडे पाहिले की हा भेद अधिक बोचतो. ब्रिटनमध्ये संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ साली मांडलेल्या निकषानुसार, घर पुरेसे उबदार ठेवण्यासह ऊर्जेच्या गरजांसाठी उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागणारे कुटुंब ‘इंधन-दरिद्री’ ठरे. तिथे प्रश्न थंडीचा होता. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर मात्र नुसता झालेला खर्च मोजायला गेलो, तर रानातून डोक्यावर मोळी आणणाऱ्या आणि चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणाऱ्या बाईचे घर सुस्थितीत निघेल, कारण सरपणाला तिने पैसाच मोजलेला नाही. म्हणूनच ऊर्जा-दारिद्र्य मोजण्यासाठी २०१२ साली मांडलेल्या बहुआयामी निर्देशांकात खर्चाऐवजी स्वयंपाकाचे इंधन, घरातला धूर, दिवाबत्ती, फ्रिज, रेडिओ किंवा टीव्ही आणि फोन यांचा विचार होतो.

धोरणाच्या मजकुरात ‘जोडणी’ आणि ‘वापर’ यांचीही गल्लत होऊ देऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील ९६.८ टक्के लोक वीज असलेल्या घरांत राहत होते. स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे मात्र ५८.६ टक्केच होती. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत गॅसजोडण्या दिल्या. नुसत्या जोडण्या मोजल्या तर तिथेच काम फत्ते झाले असे वाटते. वापर मोजला तर पुढच्या टाक्यांचे अनुदान, वितरकापर्यंतचे अंतर आणि मजुरी हातात पडण्याचे दिवस हे सारे हिशेबात घ्यावे लागते.

‘ऊर्जा-वंचितता’ हा पर्यायही वाईट नाही, परंतु त्यात कुणीतरी वंचित ठेवल्याची छटा येते, आणि ती मूळ अहवालात असेल तरच आणावी. मथळ्यात ‘ऊर्जेचे दारिद्र्य’ असे सोडवून लिहिल्यास जडपणा कमी होईल. निव्वळ ठरवून केलेल्या वीजकपातीविषयीच्या परिच्छेदात सरळ ‘भारनियमन’ लिहावे.