आधी अंदाज लिही

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद. परवा तू म्हणालीस, "काका, माझं गणितच कच्चं आहे. आधी नीट कोर्स करते, मग बघू." तेव्हापासून मला चैन नाही. वही इथेच विसरून गेलीस. मी ती वाचली.

२१ मार्चची नोंद. तू इथे इंदुरात रामबागेतल्या गच्चीवर मीटरभर काठी उभी केलीस, मैत्रिणीनं तशीच उज्जैनला. दोन सावल्यांत फरक अडीच सेंटिमीटर. त्यावरून दोन गावांतला अंशांचा फरक काढलास, आणि एवढ्या अंशांना एवढं अंतर तर ३६० अंशांना किती, असा पृथ्वीचा घेर काढलास १६ हजार किलोमीटर. खरा आहे ४० हजार. म्हणून खाली लाल पेनानं लिहिलंस, 'चुकलं'.

बेटा, तुझं त्रैराशिक बरोबर आहे. मी तीनदा तपासलं. वहीत नाही ती एकच ओळ, मोजण्याआधीचा अंदाज.

ती लिहायला बसली असतीस तर काय दिसलं असतं, बघ. इंदूर २२.७ अंश अक्षांशावर, उज्जैन २३.२ वर. फरक अर्धा अंश. मीटरभर काठीच्या सावलीत इथे अंशामागे साधारण दोन सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या अंशाला जेमतेम एक. आणि सूर्याचं बिंबच मुळी अर्ध्या अंशाचं, त्यामुळे सावलीची कडही तेवढीच पुसट. जेवढं मोजायचं, तेवढंच धूसर! प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनीसनं असाच घेर काढला तेव्हा त्याची दोन गावं सात अंशांनी लांब होती, शेजारशेजारची नव्हती.

शिवाय वेळ. सावली मोजायची माध्यान्हीला, सूर्य सर्वांत वर असताना. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि इंदूर ७५.९ वर. अंशाला चार मिनिटं धर. इथली माध्यान्ह सरासरी २६ मिनिटं उशिरा, आणि २१ मार्चला तर १२ वाजून ३४ मिनिटांनी. मैत्रिणीनं मोजलं बाराला. तू गच्चीची किल्ली सापडेना म्हणून बारा दहाला. तेवढ्या दहा मिनिटांत सावली दीड सेंटिमीटर आखडते. तुझे अडीच कुठून आले, कळलं? यात कोर्स कुठे लागला, सांग मला!

मी हेच केलं म्हणून चिडतोय. चौतीस वर्षं बँकेत लोकांचं व्याज काढलं. घर बांधताना ठेकेदारानं विचारलं होतं, गच्चीचं पाणी हौदात घ्यायचं का? मी म्हटलं, तो हिशेब इंजिनिअरचा, आपल्याला काय कळणार. निवृत्तीनंतर एका सकाळी, पोह्यांची बशी बाजूला सारून, वर्तमानपत्राच्या समासात गुणाकार केला. गच्ची ८० चौरस मीटर. इंदूरचा पाऊस वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. ७६ हजार लिटर! तोवर कितीतरी उन्हाळे टँकरची वाट बघत काढले होते. नर्मदाकाठच्या जलूद गावाहून नदीचं पाणी इंदूरला सत्तरेक किलोमीटर आणतात, चारशे मीटर वर चढवतात. हजार लिटरमागे निदान एक युनिट वीज तिथेच जाते. आणि माझ्या घरावर पडलेलं मी गटारात जाऊ दिलं. तिसरीतला गुणाकार, फक्त कधी मांडला नाही.

तेव्हापासून मी सगळ्याचा अंदाज आधी लिहितो. सिलिंडर किती दिवस जाईल, बरणीत चिंचोके किती, सगळ्याचा. घरचे म्हणतात, नाद लागलाय. लागू दे. अंदाज नसेल तर आलेला आकडा खरा की खोटा, हे कुणाला विचारायचं? तू पुस्तकाला विचारलंस आणि स्वतःला नापास करून मोकळी झालीस. अंदाज लिहिला असता तर काठी उभी करण्याआधीच कळलं असतं की उज्जैन फार जवळ आहे. कोर्स कर, नको कोण म्हणतंय? पण त्यासाठी ही वही बंद नाही करायची.

आता पुण्याच्या मावशीला फोन कर. पुणे १८.५ अंशांवर, म्हणजे फरक चार अंशांहून जास्त. २३ सप्टेंबरला इथली माध्यान्ह १२ वाजून १९ मिनिटांनी, पुण्याची २७ च्या सुमारास. ढग आले तर दोघींनी मिळून दुसरा दिवस धरा. काठी ओळंब्यानं सरळ कर. अंतर रस्त्याचं घेऊ नकोस, नकाशावर सरळ उत्तर-दक्षिण मोज.

सावल्यांत किती फरक पडेल ते मी काढून ठेवलंय, पण सांगणार नाही. वही घ्यायला ये, आणि तुझा आकडा इथेच बसून लिही. पेनानं, तारीख घालून.

तुझा,
काका