समीकरण संतुलित करताना ऑक्सिजन शेवटी घे

रासायनिक समीकरण जमत नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे होत नाहीत, म्हणून अंदाजाने सहगुणक (रेणुसूत्राआधी लिहायचे आकडे) टाकत बसू नकोस. आपल्या सांगली भागातल्या साखर कारखान्यांत मळीपासून इथेनॉल होतं, त्याच्याच ज्वलनाचं उदाहरण घे. डावीकडे इथेनॉल आणि ऑक्सिजन, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. इथेनॉलच्या एका रेणूत कार्बन २, हायड्रोजन ६, ऑक्सिजन १.

आधी कार्बन: उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू. मग हायड्रोजन: ६ अणूंसाठी पाण्याचे ३ रेणू. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोज, ४ आणि ३ मिळून ७. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. ७ दिसले की डावीकडे ऑक्सिजनचे (एका रेणूत २ अणू) साडेतीन रेणू लिहून मोकळे होतात, कारण खुद्द इथेनॉलमधला १ अणू मोजायचा राहतो. तो वजा कर. उरले ६, म्हणजे ऑक्सिजनचे ३ रेणू. ऑक्सिजन शेवटी घ्यायचा तो यासाठीच: तो एकटा, मूलद्रव्य म्हणून आहे, त्याचा सहगुणक बदलला तरी बाकीचं काही हलत नाही.

गॅस सिलिंडरमधल्या ब्युटेनला (कार्बन ४, हायड्रोजन १०) मात्र खरोखरच साडेसहा रेणू लागतात. घाबरू नकोस, सगळं २ ने गुण: ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०.

आणि रेणुसूत्रातल्या खालच्या आकड्याला कधीही हात लावू नकोस! पाण्यातल्या ऑक्सिजनखाली २ लिहिलास की ते हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, पदार्थच बदलला. पेन्सिलीने लिही, आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही बाजूंचे अणू पुन्हा मोज.