थोर सिनेमा कोणता? वाद घालण्याआधी

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत ‘सर्वोत्तम चित्रपट’ या विषयावर हमखास जुंपते. ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या २०२२च्या यादीत पहिला आलेला शांताल आकेरमानचा ‘जान दिलमान’ दाखवला, तर निम्मी मंडळी मध्यंतरातच घरी गेली. हा पहिला कसा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी मोजणीची रीत पाहा. १९५२ पासून दर दहा वर्षांनी हे मासिक जाणकारांकडून प्रत्येकी दहा चित्रपट मागवतं. क्रमाला वजन नाही, दहांतल्या प्रत्येकाला एकच मत. २०१२ साली हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ पहिला आला तो ८४६ मतदारांपैकी १९१ जणांच्या मतांवर. म्हणजे तीन चतुर्थांशाहून अधिक जाणकारांनी त्याला आपल्या दहांतही घेतलं नव्हतं! २०२२ला मतदार वाढून सोळाशेच्या वर गेले आणि पहिला नंबर बदलला. त्याच वर्षी दिग्दर्शकांच्या वेगळ्या यादीत पहिला होता ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’. तेव्हा यादीकडे ‘काय पाहायचं राहिलंय’ हे शोधायला जावं, निकाल मागायला नाही.

आता चित्रपटाबद्दल. २०१ मिनिटं, ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस. कॅमेरा हलत नाही, स्वयंपाकघरातली कामं जवळपास पूर्ण लांबीची दिसतात. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात, एवढंच घडतं, आणि तरी पोटात गोळा येतो. कारण पहिल्या दिवशीची तिची घडी आपण मिनिटामिनिटाने पाहिलेली असते. हाच चित्रपट दीड तासाचा केला तर बटाटे फक्त बटाटे उरतील. कंटाळा आला म्हणायला हरकत नाही. पण ‘लांबवलाय’ म्हणणाऱ्याने नेमकं कुठे कापायचं ते दाखवावं. आणि असा चित्रपट मध्यंतर न घेता दाखवावा; ताण एकदा तुटला की पुन्हा साठायला वेळ लागतो.

प्रश्न : मग निकष कोणते? पुरस्कार, गल्ला, की अमुक गोष्ट पहिल्यांदा केली हे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तिन्ही लंगडे. ‘सिटिझन केन’ (१९४१) प्रथम प्रदर्शनात तोट्यात गेला, ऑस्करची नऊ नामांकनं मिळून पुरस्कार एकच मिळाला, तोही पटकथेचा. १९५२च्या यादीत तो पहिल्या दहांत नव्हता. १९६२ ते २००२ सलग पहिला. ‘पहिल्यांदा’ हा दावा तर फारच निसरडा. जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट दिसणं ही त्याची ख्याती, पण फ्रेंच दिग्दर्शक रन्वारने १९३९ साली ‘रूल्स ऑफ द गेम’मध्ये तसं काम केलंच होतं. शिवाय ‘केन’मधलं पुढे औषधाचा पेला आणि मागे दार असलेलं गाजलेलं दृश्य निव्वळ भिंगाचं नाही, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून ते साधलंय. त्यापेक्षा खिडकीबाहेर बर्फात खेळणारा पोरगा आणि आत त्याचं आयुष्य सहीने दुसऱ्याच्या हवाली करणारी आई, हे एकाच चौकटीत का ठेवलंय ते विचारा. तंत्राने आशयाचं काम केलं का, ही खरी कसोटी.

दुसरी कसोटी चित्रपटाच्या दुय्यम माणसांची. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. चमत्कारांची ट्रिक दृश्यं आज जुनी वाटतात, खलनायक सालोमालो ढोबळ आहे. तरी चित्रपट टिकतो तो अभिनेत्री गौरीने उभ्या केलेल्या आवलीमुळे, तुकोबांच्या बायकोमुळे. चित्रपट तुकोबांच्या बाजूचा असूनही पोरांच्या पोटाची चिंता तिच्या तोंडी खरी ठेवतो, तिला कजाग बायकोच्या साच्यात बसवत नाही. आणि ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं. अनेकजण ते तुकोबांचाच अभंग समजतात. दोष असूनही चित्रपट थोर असतो. निर्दोष आणि थोर यांत गल्लत करणारे समीक्षक पुष्कळ.

प्रश्न : घरी टीव्हीवर जुने चित्रपट पाहून मत बनवलं तर चालेल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालेल, सेटिंग नीट करून. १९५० पूर्वीच्या बहुतेक बोलपटांची चौकट जवळपास चौकोनी, १.३७ : १. टीव्ही ती ताणून पडदाभर करत असेल तर माणसं बुटकी-रुंद दिसतात; ‘ओरिजिनल’ किंवा ४ : ३ निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. ‘मोशन स्मूदिंग’ (टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून हालचाल सलग करतो ती सोय) बंद करा, नाहीतर सगळं दैनंदिन मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. मूकपटातली माणसं तुरुतुरु धावत असतील तर दिग्दर्शकाला हसू नका. अनेकदा सेकंदाला १६ ते २० चित्रांच्या (फ्रेम) वेगाने चित्रित केलेली फिल्म २४च्या वेगाने चालवलेली असते.

मत मांडण्याआधी निवडक दहा मिनिटं आवाज बंद करून पुन्हा पाहा, मग तीच मिनिटं नुसती ऐका. एकात काहीच हरवलं नाही, तर त्या वेळी वगळलेलं अंग (आवाज किंवा चित्र) चित्रपटात शोभेपुरतं आहे.

प्रश्न : चर्चा भरकटू नये म्हणून काय करावं? (एक वाचक, पणजी)

उत्तर : सगळ्यांनी हल्लीच पाहिलेले तीन-चार चित्रपटच घ्या. बोलणाऱ्याने एक दृश्य नेमकं सांगायचं : कुठलं, त्यात कॅमेरा कुठे आहे, आवाज काय आहे. ‘भारी’, ‘काळजाला भिडलं’ असले शेरे पहिल्या फेरीत बाद.