बायसच्या गणितात आधी माणसं मोज

बायसचं (Bayes) गणित, म्हणजे निकाल कळल्यावर त्यामागच्या कारणाची संभाव्यता काढायचं गणित, दिसलं की लगेच सूत्राकडे धावू नकोस. आधी माणसं मोज. समज, आजार १ टक्का लोकांना आहे. चाचणी ९९ टक्के आजारी बरोबर पकडते, पण ५ टक्के धडधाकटांनाही पॉझिटिव्ह ठरवते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर खरंच आजार असण्याची संभाव्यता किती?

१०,००० माणसं धर. आजारी १००, त्यातले ९९ पॉझिटिव्ह. उरलेल्या ९,९०० पैकी ४९५ उगाचच पॉझिटिव्ह. म्हणजे ५९४ मध्ये ९९, फक्त एक षष्ठांश! बहुतेक पोरं इथे ९९ टक्के ठोकून मोकळी होतात (पेपर काढणाऱ्याला तेच हवं असतं). सूत्र मागाहून लिही, मार्कांसाठी ते लागतंच.

आणि प्रश्नात ‘किमान एक’ दिसलं, की ‘एकही नाही’ची संभाव्यता काढून ती सरळ १ मधून वजा कर.