जोडून आलेली सुट्टी आणि शनिवारची दुपार

मी समुपदेशक आहे, आणि जोडून सुट्ट्या आल्या की त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी माणसे वेगवेगळी असतात, पण प्रश्न तोच असतो: "इतके दिवस या सुट्टीची वाट पाहत होते, मग सुट्टीतच माझे मन का बिघडले?" हे विचारताना बहुतेकांच्या आवाजात थोडी लाज असते, कारण विश्रांती मिळूनही आपण समाधानी नाही, म्हणजे आपल्यातच काही खोट आहे, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. वसुधा यांच्या बाबतीत लाजेच्या जोडीला भीतीही होती. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहिण्यासाठी त्यांची संमती घेतलेली आहे.)

वसुधा एक्केचाळीस वर्षांच्या, एका खासगी कंपनीत आठ जणांच्या गटाच्या प्रमुख. घरी नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी विचारले, "मॅडम, मला बायपोलर तर नाही ना?" मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाणाऱ्या या विकाराच्या लक्षणांची एक यादी फोनवर त्यांच्या वाचनात आली होती आणि तीन दिवसांच्या सुट्टीत आपण त्या यादीतल्या दोन्ही टोकांना जाऊन आलो, असे त्यांना वाटत होते. गुरुवारी संध्याकाळी टेबल आवरून त्या निघाल्या तेव्हा अंगात वारे शिरल्यासारखा उत्साह होता. रात्री एकपर्यंत जागून त्यांनी तिन्ही दिवसांचे बेत आखले, सगळ्यांना निरोप पाठवले. शुक्रवार बरा गेला, पण दुपारपासून डोके ठणकू लागले. शनिवारी चारच्या सुमारास, घरातले सगळे झोपलेले असताना, पलंगाच्या कडेला बसून टॉवेलच्या घड्या घालता घालता त्यांना रडू फुटले आणि ते का फुटले हे त्यांना सांगता येईना. रविवारी संध्याकाळी मुलाची पाण्याची बाटली सापडेना, एवढ्याशा कारणावरून त्या त्याच्यावर अशा ओरडल्या की तो घाबरून बहिणीच्या मागे जाऊन उभा राहिला. "आणि सोमवारी दहा वाजता ऑफिसात मी अगदी ठीक होते," त्या म्हणाल्या. "मला त्याचीच जास्त भीती वाटली. घरी असताना मी अशी, आणि कामावर बरी?"

पहिल्या भेटीत मी त्यांच्या मूळ प्रश्नालाच हात घातला, कारण ती भीती मनात असताना बाकीचे काहीच ऐकू येत नाही. बायपोलर विकारातील सौम्य उन्मादाची अवस्था म्हणण्यासाठी, सध्या वापरात असलेल्या निदानाच्या निकषांनुसार, बदललेली मनःस्थिती आणि वाढलेला जोम सलग किमान चार दिवस, दिवसाचा बराचसा वेळ टिकावा लागतो. पूर्ण उन्मादासाठी साधारण आठवडा धरला जातो. त्या काळात माणसाला कमी झोप पुरते, तीन तास झोपूनही थकवा जाणवत नाही, आणि हा बदल आजूबाजूच्यांच्याही लक्षात येतो. वसुधा यांचा उत्साह एका संध्याकाळचा होता, त्याला उघड कारण होते, आणि एक वाजता झोपून त्या दहाला उठल्या होत्या. नैराश्याच्या निदानासाठीही लक्षणे दोन आठवडे जवळजवळ रोज असावी लागतात. मी झोप, भूक, कुटुंबातील आजार, मद्यपान आणि जीव नकोसा होण्याचे विचार यांबद्दल एकेक करून विचारले. काळजी वाटावी असे काही आढळले नाही. तसे काही आढळले असते, किंवा मला नुसती शंका जरी आली असती, तरी मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते, कारण निदान हे फोनवरच्या यादीचे काम नाही आणि एका भेटीत समुपदेशकाने परस्पर उरकून टाकायचेही नाही.

"आजार दिसत नाही" एवढ्याने त्यांना हायसे वाटले, पण त्या उठल्या नाहीत. "मग ते रडू कसले होते?" हा प्रश्न उरला होता, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच होता.

हा अनुभव नवा नाही. हंगेरीतील मनोविश्लेषक शांडोर फेरेन्त्सी यांनी 1919 मध्येच अशा रुग्णांबद्दल लिहिले होते, ज्यांची डोकेदुखी आणि पोटाच्या तक्रारी नेमक्या रविवारी डोके वर काढत. बाहेरचा कामाचा रेटा थांबला की आत दाबून ठेवलेले सैल होते, असा त्यांचा सूर होता. शंभर वर्षांपूर्वीचे ते स्पष्टीकरण आज जसेच्या तसे स्वीकारण्याची गरज नाही, पण निरीक्षण खरे आहे. आठवडाभर मनाची दारे आपण धरून ठेवतो आणि सुट्टीत हात सैल पडतो. आत काय आहे, हे मात्र ज्याच्या त्याच्या बाबतीत शोधावे लागते.

पाच आठवड्यांनी पुन्हा तीन दिवसांची सुट्टी येत होती. त्या दिवसांत एक छोटी वही जवळ ठेवून दर दोन तासांनी दोनच गोष्टी टिपायला मी त्यांना सांगितले: मनःस्थितीला दहापैकी किती गुण, आणि त्या वेळी जे चालले होते ते कोणाच्या इच्छेने चालले होते. दुसरा रकाना त्यांना विचित्र वाटला. "सुट्टी सगळ्यांचीच असते ना?" त्या म्हणाल्या. मी काही समजावले नाही, फक्त लिहून आणा म्हटले.

वही घेऊन त्या आल्या तेव्हा पहिली ओळ होती: गुरुवार, संध्याकाळी सात, नऊ गुण. तीन दिवसांत नऊ पुन्हा कुठेही नव्हते. हे पाहून त्या खट्टू झाल्या, मला मात्र त्यात नवल वाटले नाही. नेदरलँड्समध्ये 1,530 लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीला जाणारी माणसे निघण्यापूर्वीच इतरांपेक्षा अधिक आनंदी होती, परतल्यावर मात्र त्यांच्यात आणि न गेलेल्यांत फारसा फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अतिशय निवांत गेली, त्यांनाच काही काळ त्याचा लाभ जाणवला. गुरुवारचा आनंद खोटा नव्हता, तो वाट पाहण्याचा आनंद होता, आणि तो गुरुवारी पुरेपूर मिळून गेला होता. शुक्रवारची, शनिवारची त्याच्याशी तुलना करत बसले, तर प्रत्येक तास कमीच भरणार.

शुक्रवारच्या डोकेदुखीचा उलगडा तर वहीतल्या वेळांवरूनच झाला. एरवी त्या सहाला उठतात आणि सातला पहिली कॉफी घेतात. सुट्टीच्या दिवशी उठल्या दहाला, कॉफी मिळाली अकरा वाजून गेल्यावर, आणि आदल्या दिवशीचा शेवटचा कप होता चारचा, म्हणजे मध्ये एकोणीस तास गेले होते. कॅफीनची सवय असलेल्या शरीरात शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी, मरगळ आणि चिडचिड सुरू होऊ शकते. शिवाय झोपण्या-उठण्याची वेळ चार तास पुढे सरकली की शरीराचे घड्याळ दुसऱ्याच गावी गेल्यासारखे गोंधळते. शरीराच्या घड्याळाचे अभ्यासक टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये याला 'सोशल जेटलॅग' असे नाव दिले. डोके दुखणाऱ्या माणसाला आपण दुःखी आहोत असे वाटू लागते, आणि मग तो दुःखाचे कारण शोधायला लागतो. हे सारे किती साधे असते आणि त्याचा किती मोठा अर्थ लावला जातो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मनाबद्दल विचारण्याआधी मी झोपेबद्दल आणि पहिल्या कपाबद्दल विचारते.

पण शनिवारच्या दुपारचे उत्तर कॉफीत नव्हते. मी त्यांना दुसरा रकाना मोठ्याने वाचायला सांगितला. त्यांनी सुरुवात केली: "मुलगी. मुलगा. दोघे. नवरा. पाहुणे. मुलगा. सगळे. सगळे..." वाचता वाचता आवाज हळू होत गेला. एकवीस नोंदींपैकी 'मी' हा शब्द एकदाच आला होता, शनिवारी चार वाजता, आणि त्यापुढे लिहिले होते, 'दोन गुण. पुन्हा रडू आले.' त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी वेळ आली की मला रडू येते?"

मला त्यांना घाईने धीर द्यायचा नव्हता. त्या वेळी नेमके काय चालले होते, असे मी विचारले. सगळे जेवून झोपले होते, त्या सांगू लागल्या. घर शांत होते, मांडीवर टॉवेल होता, उन्हाने तापलेला, अजून ऊब असलेला. हात थांबला. आता कोणी हाक मारणार नाही, हे लक्षात आले. "आणि मॅडम, मला कळेना की मला काय करावेसे वाटते आहे. काहीच सुचेना. मला काय आवडते, हेच आठवेना." सकाळपासून त्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या: हिला मजा येते आहे ना, तो कंटाळला तर नाही, हे शांत का बसले आहेत. त्या सुट्टीवर नव्हत्याच. इतरांच्या सुट्टीची जबाबदारी पार पाडत होत्या, आणि ते काम ऑफिसपेक्षा अवघड होते, कारण ऑफिसात निदान काम संपल्याचे कळते.

साबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी 2007 मध्ये कामाचा शीण कशाने उतरतो याची मांडणी केली. कामापासून मनाने सुटणे, शिथिल होणे, काही नवे जमल्याचा अनुभव आणि आपला वेळ आपण ठरवणे, अशा चार गोष्टी त्यांनी पाहिल्या. वसुधा यांच्या तीन दिवसांत चौथी गोष्ट जवळपास नव्हतीच, आणि ती नसल्यामुळे पहिल्या तिन्ही निसटत होत्या. ते रडू म्हणजे साचलेला थकवा होता. त्याला बाहेर पडायला आठवड्यातली पहिली मोकळी जागा शनिवारी चारला मिळत होती. सोमवारी त्या 'ठीक' होत होत्या, कारण ती जागा पुन्हा भरून जात होती.

तिसऱ्या भेटीला त्यांचे यजमान स्वतःहून आले. वसुधा यांनी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. "मला वाटायचे, हिला हे सगळे ठरवायला आवडते," ते म्हणाले. वसुधा म्हणाल्या, "मलाही तसेच वाटायचे." त्या वाक्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते दोघांना पेलले असावे. अशा वेळी एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा मोह घरातल्यांना होतो, कधी समुपदेशकालाही होतो. मी तो टाळला. या घरात कोणी कोणावर लादले नव्हते, हे हळूहळू घडत गेले होते.

रविवारच्या संध्याकाळबद्दल मात्र आम्हाला वेगळे बोलावे लागले. एका ओरडण्यामुळे 'सगळी सुट्टी वाया गेली' असे वसुधा दोन्ही वेळा म्हणाल्या होत्या. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 मधील एक प्रयोग मी त्यांना सांगितला. लोकांनी एकदा 14 अंश सेल्सियसच्या थंड पाण्यात साठ सेकंद हात धरला. दुसऱ्यांदा तितकाच वेळ धरून आणखी तीस सेकंद ठेवला, पण त्या तीस सेकंदांत पाण्याचे तापमान हळूहळू एका अंशाने वाढवले गेले. कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा, निवडला. आठवण अनुभवाच्या लांबीपेक्षा त्यातल्या टोकाच्या क्षणाला आणि शेवटाला धरून राहते. वसुधा यांच्या घरात शेवट नेहमीच दप्तरे, इस्त्री, हरवलेली बाटली आणि 'फक्त एकदा बघते' म्हणून उघडलेले ऑफिसचे ईमेल यांचा असे.

त्यावर त्यांनीच दोन बदल सुचवले. दप्तरे आणि कपडे शनिवारी सकाळी, मुले आणि त्यांचे बाबा मिळून उरकतील. आणि उरलेल्या कामांची यादी गुरुवारी निघतानाच लिहायची, प्रत्येकापुढे 'सोमवारी कधी' हेही लिहायचे, म्हणजे रविवारी ईमेल उघडण्याचे कारण उरणार नाही. शनिवारी तीन ते पाच हा वेळ त्यांचा असावा, हा आग्रह माझा होता. त्या वेळात काही उपयोगाचे करायचे नाही, अशी अटही मी घातली, कारण कर्तबगार माणसे मोकळ्या वेळालाही लगेच कामाला लावतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जोडून आलेल्या सुट्टीतले प्रत्येक खचणे असे नसते. एकट्या राहणाऱ्या माणसाचा त्रास नेमका उलटा असू शकतो. तीन दिवस कोणीच हाक मारत नाही आणि तास संपत नाहीत. त्याला मोकळा वेळ सुचवणे हा क्रूरपणा ठरेल, त्याला आधीच ठरवलेली एखादी भेट हवी असते, रोज एक. जवळचे माणूस नुकतेच गमावलेल्यांना सुट्टीत उणीव अधिक टोचते, त्यात बिघाड काही नाही. पण मन सुट्टी संपल्यावरही दोन आठवडे वर येत नसेल, झोप-भूक उडाली असेल, सुट्टीत पिण्याचे प्रमाण वाढून तसेच राहिले असेल, तर तज्ज्ञांना भेटावे. आणि जगणे नको असे विचार येत असतील तर सुट्टी संपण्याचीही वाट पाहू नये. त्याच तासाला कोणाला तरी सांगावे आणि तातडीची मदत घ्यावी.

पुढच्या सुट्टीनंतर वसुधा वही घेऊन आल्या. गुरुवारला आठ गुण होते. शुक्रवारी त्या साडेसातला उठल्या होत्या, डोके दुखले नव्हते. शनिवारी सकाळी दप्तरांवरून वाद झाला होता, तो त्यांनी प्रामाणिकपणे लिहिला होता. चार वाजताची नोंद अशी होती: 'पाच गुण. अर्धा तास अस्वस्थ. उठून टॉवेल आणावेत असे वाटले. आणले नाहीत. जुने रंग काढले, ब्रश कडक झाला होता, पाण्यात भिजत घातला.' रविवारी संध्याकाळी सहा गुण होते आणि मुलाची बाटली पुन्हा सापडली नव्हती. ती शोधायला या वेळी त्याचे बाबा गेले होते.