इलेक्ट्रिक गाडी दसऱ्याला घ्यायची, पण कुठल्या दसऱ्याला?

प्रश्न थोडक्यात असा: वाचक नाशिकचे, वय ४१, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. पत्नी शिक्षिका, मुलगी नववीत, आई धुळ्याला. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १८ हजार. घराचा हप्ता ३१ हजार, म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक म्हणजे एसआयपी १५ हजार (त्यातली ८ हजारांची मुलीच्या शिक्षणासाठी), आईच्या औषधांचे ६ हजार. सगळं भागून महिन्याला १२ हजार उरतात. बँकेत ७ लाखांची एफडी आहे. सध्याची पेट्रोल गाडी २०१८ ची, ९२ हजार किलोमीटर झालेली. येत्या दसऱ्याला १४ लाख ८० हजारांची (ऑन रोड) इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हणतात. २ लाख ८० हजार एफडीतून, उरलेल्या १२ लाखांचं सात वर्षांचं कर्ज. जुनी गाडी 'धुळ्याला जायला' ठेवायची आणि मुलीची एसआयपी 'थोडे दिवस' थांबवायची. घेऊ का, असं विचारतात.

नमस्कार. तुम्ही आकडे इतके नीट लिहून पाठवलेत की उत्तरही आकड्यांतच देते. इलेक्ट्रिक गाडी तुमच्यासाठी योग्य आहे. या दसऱ्याला आणि या कर्जावर मात्र ती घेऊ नका.

योग्य का, ते आधी. तुमचं रोजचं जाणं-येणं ६० किलोमीटर आणि महिन्यातून एकदा धुळे, म्हणजे महिन्याला साधारण १,७०० किलोमीटर. एवढं चालवणाऱ्यालाच ही गाडी परवडते. महिन्याला ५०० किलोमीटर चालवणाऱ्याने मला हाच प्रश्न विचारला असता, तर मी सरळ नाही म्हटलं असतं. त्याची बचत दोन हजारांच्या आसपास होते आणि किमतीतला फरक भरून निघायला बारा वर्षं लागतात.

पण बचतीचा तुमचा हिशेब दुरुस्त करायला हवा. शोरूममध्ये तुम्हाला 'किलोमीटरला एक रुपया' सांगितलं. तुम्ही त्यावर न थांबता विजेच्या बिलाला युनिटांनी भागलंत, साडेदहा रुपये दर काढलात आणि किलोमीटरला पावणेदोन रुपये धरलेत. इथे चूक झाली आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिटं स्वस्त, ३०० पर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. घरातला फ्रिज, पंखे, गिझर यांनी तुमची १८० युनिटं आधीच वापरली आहेत. गाडीला महिन्याला घरून २५० युनिटं लागतील आणि ती सगळी या १८० च्या वर बसतील. त्यातली १२० मधल्या टप्प्यात, १३० वरच्या टप्प्यात. तुम्ही पाठवलेल्या बिलावरचे दर, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) आणि वीज शुल्क धरून गाडीचं युनिट मला सरासरी १६ रुपयांना पडताना दिसतं. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, म्हणून प्लगमधून घेतलेल्या एका युनिटला ६ किलोमीटर धरा.

म्हणजे घरच्या चार्जिंगचे ४,००० आणि हायवेवरच्या फास्ट चार्जिंगचे ८०० असे महिन्याला ४,८०० रुपये. त्याच आकाराची नवी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देईल. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ११,९०० रुपये होतात. फरक ७,१०० रुपयांचा. एक रुपयाच्या हिशेबाने जे स्वप्न दाखवलं गेलं त्यापेक्षा हे कमी आहे, पण कमी म्हणावं इतकंही नाही.

तुम्ही किंमत काढलेल्या इलेक्ट्रिक आणि पेट्रोल अशा दोन नव्या गाड्यांमध्ये ३ लाखांचा फरक आहे. त्यामागे करही आहे. इलेक्ट्रिक गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी ५ टक्केच आहे, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. त्यामुळे पेट्रोलवाल्या स्वस्त झाल्या आणि इलेक्ट्रिकचा करातला फायदा आटला. तरीही ३ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता ९ टक्क्यांनी ६,२२८ रुपये येतो आणि तुमची बचत ७,१०० आहे. नवी गाडी घ्यायचीच असेल, तर इलेक्ट्रिक हे उत्तर बरोबर आहे.

पण तुमच्या दारात आज पेट्रोलची नवी गाडी नाही, जुनी आहे, आणि तिचा एकही हप्ता नाही. तिचं पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर धरून महिन्याला १२,६०० जातात. नव्या गाडीचा तुमच्या योजनेतला हप्ता १९,३०७. त्यात विजेचे ४,८००, विम्याचा वाढीव बोजा दीडेक हजार आणि जुनी ठेवली तर तिचा विमा-सर्व्हिसिंग आणखी दीड हजार. २७ हजारांच्या वर जातं. महिन्याचा खर्च साडेचौदा हजारांनी वाढतो आणि तुमच्याकडे उरतात बारा. म्हणून तर मुलीच्या एसआयपीवर हात गेला.

त्या 'थोडे दिवस'बद्दल मला खरंच काळजी वाटते. कर्ज सात वर्षांचं आहे. मुलगी नववीत आहे. तुमचा शेवटचा हप्ता जाईल तेव्हा ती पदवी घेऊन बसलेली असेल. ८४ महिने ८ हजार म्हणजे ६ लाख ७२ हजार रुपये, वाढ न धरता. ते तिच्या प्रवेशाच्या वेळी हवे असतील, आणि तेव्हा तुम्ही शैक्षणिक कर्ज काढाल. हे मी दर वर्षी जून-जुलैमध्ये बघते. एसआयपीला हात लावू नका.

मग काय करायचं? पुढच्या दसऱ्याला घ्या. आजपासून दर महिन्याला १० हजारांचं आवर्ती ठेव खातं उघडा आणि हा आपला गाडीचा हप्ताच आहे असं समजून भरा. बारा महिन्यांत व्याजासह १ लाख २४ हजारांच्या आसपास जमतील. एफडीतले ३ लाख घ्या, ४ लाख अडीअडचणीसाठी तसेच ठेवा, त्यांना शिवायचं नाही. जुनी गाडी विका. आज तिला ३ लाख सांगितलेत, वर्षाने २ लाख ६० हजार धरू. कर्ज उरतं ७ लाख ९६ हजारांचं. पाच वर्षांसाठी हप्ता साडेसोळा हजार, एकूण व्याज १ लाख ९५ हजार. तुमच्या योजनेत व्याज ४ लाख २२ हजार जात होतं. महिन्याचा खर्च आजच्यापेक्षा साधारण १० हजारांनी वाढेल, म्हणजे वर्षभर तुम्ही आवर्ती ठेवीत जेवढे भरलेत तेवढ्यानेच. ते दहा हजार भरताना सहाव्या महिन्यात ओढाताण झाली, तर कळेल की गाडी अजून परवडत नाही, आणि कळेल तेव्हा डोक्यावर कर्ज नसेल.

वर्षभर थांबल्याने सवलती हुकतील, ही भीती तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. राज्याचं २०२५ चं इलेक्ट्रिक वाहन धोरण ३१ मार्च २०३० पर्यंतचं आहे. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना टोल नाही, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धीही त्या धोरणात आहेत. केंद्राचं अनुदान मात्र हुकायला मुळात खासगी कारला नाहीच. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही ते नाही. आणि विक्रेत्याने सांगितलेली व्याजावरची दीड लाखाची आयकर सवलत? ते कलम ८०ईईबी. कर्ज ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेलं असेल तरच ती मिळते. तुम्हाला मिळणार नाही, हिशेबातून काढून टाका.

उलट थांबणं तुमच्या फायद्याचं आहे. जानेवारी २०२० मध्ये टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन आली तेव्हा सामान्य घराला परवडेल अशी निवड हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. नंतर टियागो, पंच, एमजीची विंडसर, महिंद्राच्या दोन, क्रेटा अशा इलेक्ट्रिक गाड्या येत गेल्या, आणि तेवढ्याच पैशांत बॅटरी मोठी मिळायला लागली. बाजार असा पुढे सरकत असताना ज्याची चालू गाडी ठणठणीत आहे, त्याला घाई करायचं कारण नाही.

बॅटरी भाड्याने घेण्याबद्दल विचारलंत. सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आली तेव्हा बॅटरीशिवाय ९ लाख ९९ हजार आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये, असा भाव लावला होता. तुमच्या १,७०० किलोमीटरला ते महिना ५,९५० रुपये होतात. त्यात वीज धरली की किलोमीटरला सहा रुपयांच्या वर जातं, आणि पेट्रोलला सात लागतात. म्हणजे बचत जवळजवळ सगळी भाड्यात गेली. जास्त चालवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

आता जुनी गाडी धुळ्यासाठी ठेवण्याबद्दल. वाटेत चार्ज संपेल ही भीती आहे ना? मग हिशेब करा. धुळे एका बाजूने १६० किलोमीटर. ४०-४५ युनिटच्या बॅटरीची गाडी, माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो, एसी लावून हायवेला अडीचशे ते तीनशे किलोमीटर जाते. राहूडच्या घाटाच्या चढाला बॅटरी झपझप उतरताना दिसेल, पण उताराला त्यातली थोडी परत भरते. रोज सिन्नरला जाताना मोहदरी घाटात हेच बघाल. आईकडे पोहोचलात की १५ अँपियरच्या प्लगवर रात्रभर लावा, तासाला तीन युनिटं धरली तरी सकाळपर्यंत ३० युनिटं, म्हणजे परतीची सोय झाली. फक्त त्या जुन्या घराचं अर्थिंग आधी तपासून घ्या. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि नवं अर्थिंग हा काही हजारांचा खर्च आहे. त्यासाठी दुसरी गाडी पाळायची नाही.

अर्थिंगवर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. मागच्या पावसाळ्यात एका घरी गुंतवणुकीच्या कामाने रात्री गेले होते. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर खाली पार्किंगमध्ये सोडलेली, गाडी तिच्यावर लागलेली. मी प्लगला हात लावला तर तो चटका बसावा इतका तापला होता, आणि पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. घरात दोन लहान मुलं झोपली होती. सोसायटीने परवानगी दिली नव्हती, गाडी मात्र दारात आली होती, म्हणून ही तडजोड.

तुमच्याही सोसायटीची परवानगी 'मिळेल' असं लिहिलंय. मिळू द्या, मग बुकिंग. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मीटर खोलीपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल कुठून जाईल याचा इलेक्ट्रिशियनकडून साधा आराखडा जोडा, म्हणजे कमिटीला नाही म्हणायला जागा राहत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. तुमच्या महावितरण उपविभागात जाऊन त्या जोडणीचा दर आणि स्थिर आकार लेखी विचारा. सरासरी १६ रुपयांपेक्षा तो कमी पडला, तर माझा सगळा हिशेब तुमच्या बाजूने सुधारेल. परवानगी मिळालीच नाही आणि सगळं चार्जिंग बाहेर करावं लागलं, तर महिन्याची बचत पाचेक हजारांवर येते आणि आठवड्यातून दोन-तीनदा चार्जिंग स्टेशनवर ताटकळावं लागतं. तेव्हा मी ही गाडी घ्या असं म्हणणार नाही.

बॅटरीच्या वॉरंटीचं तुमच्या मित्राने घाबरवलंय तेवढं वाईट नाही. ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते, हा सर्रास दिसणारा करार. तुमच्या चालण्याने दोन्ही जवळजवळ एकदमच संपतात, पावणेआठ वर्षांत. काही कंपन्या पहिल्या मालकाला त्याहून लांब वॉरंटी देतात. गाडी विकल्यावर ती दुसऱ्याला किती मिळते हे वाचून घ्या, कारण तुमची गाडी किती किमतीला विकली जाईल ते त्यावर अवलंबून राहील. मी हिशेबात पाच वर्षांनंतरची किंमत मुद्दाम धरलेली नाही.

विम्यात थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा) हप्ता १५ टक्के कमी असतो, पण गाडीची किंमत जास्त म्हणून एकूण विमा महागच पडतो. झिरो डेप्रिसिएशन (भरपाईतून जुन्या भागांची घट न कापणारा विमा) घ्या, आणि पाणी शिरून बॅटरी गेली तर भरपाई मिळते का ते पॉलिसीत बघा. तुमचं पार्किंग तळमजल्यावर आहे.

एकाच गोष्टीने हे वेळापत्रक बदलेल. जुन्या गाडीने मधेच क्लच किंवा इंजिनचं चाळीस-पन्नास हजारांचं काम काढलं, तर ते पैसे तिच्यात घालू नका. त्या दिवशी आवर्ती ठेवीत जे जमलं असेल ते घेऊन मला पुन्हा लिहा, कर्जाचा आकडा नव्याने मांडू. आणि सिन्नरची नोकरी बदलून घराजवळची मिळायची शक्यता असेल, तर तेही लिहा, कारण रोजचे ६० किलोमीटर गेले की गाडी घ्यायचं कारणच गेलं.